फ्लॉरेन्सचा सुवर्णकार बेन्व्हेनुतो चेलिनी

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. संत नरहरी महाराज आणि नाना शंकरशेट यांच्यावर आमच्याहून अधिकारी लेखकांनी लिहिलेले वाचकांच्या स्मरणात असेलच. यंदा संपादक मंडळींनी आम्हांस लेखासाठी आग्रह केला, तेव्हा आम्ही एका परदेशस्थ व परधर्मीय, तथापि धंद्याने आपल्याच असलेल्या माणसाची निवड केली. हा माणूस साधू नव्हता. किंबहुना त्याच्या आयुष्यातील कित्येक गोष्टी मुलांपुढे ठेवण्याजोग्या नाहीत. परंतु सुवर्णकाराच्या हातातील कसब व त्या कसबाचे मोल यांविषयी त्याच्या चरित्रातून जितके शिकावयास मिळते, तितके आम्हांस अन्यत्र आढळले नाही.

आमच्या घरी तीन पिढ्या बागेसरी पेटत होती. वडील बंधू दुकानात बसले, आणि आम्ही मॅट्रिक होऊन शाळेत शिरलो. त्यामुळे हातोडी आमच्या हाती राहिली नाही, पण दुकानाच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करताना जे पाहिले ते पुसले गेले नाही. घरचाच सोनार आहे म्हणून येणारे सोयरे, शेजारी, वडिलांचे बालमित्र हे सर्व आम्ही पाहिले आहेत. सोने त्यांचे असे, कोळसा, टाकणखार आणि रात्रीची जागरणे आमची असत, आणि घडणावळीचा शब्द कोणीच काढीत नसे. हाच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी इटली देशातील एका सोनारापुढे उभा होता, हे पुढे शाळेच्या ग्रंथसंग्रहात त्याचे आत्मचरित्र हाती आले तेव्हा आम्हांस कळले.

बेन्व्हेनुतो चेलिनी याचा जन्म ३ नोव्हेंबर १५०० रोजी फ्लॉरेन्स शहरी झाला. आईबापांस बऱ्याच वर्षांनी अपत्य व्हावयाचे होते, आणि मुलगीच होणार अशी सर्वांची खात्री होती. मुलगा झालेला पाहून बापाने त्याचे स्वागत केले आणि स्वागत याच अर्थाचे नाव त्यास ठेवले. बाप जोव्हान्नी हा वाद्ये बनविणारा व वाजविणारा होता. मुलाने उत्तम बासरीवादक व्हावे, हा त्याच्या मनाचा एकमेव ध्यास. मुलास बासरीचा तिटकारा, आणि ओढ सगळी सोनारकामाची. बापाने प्रथम त्यास एका सोनाराकडे ठेवले आणि लागलीच काढून घेतले. पुढे पंधराव्या वर्षी मुलगा आपण होऊन दुसऱ्या एका सोनाराच्या दुकानी उमेदवार म्हणून राहिला. तेथे बापाने अशी व्यवस्था केली की, इतर उमेदवारांप्रमाणे त्याने वेतन घेऊ नये. आवडीने शिकतो आहे तर मोकळ्या वेळी हवी तितकी चित्रे काढावीत. म्हणजे ज्याने पुढे पोप आणि राजे यांच्यापाशी आपल्या मजुरीसाठी हुज्जत घातली, त्याच्या हातांनी पहिले काम फुकटच केले, आणि तेही पित्याच्या इच्छेवरून!

त्याच्या तरुणपणीची एक हकीकत घरोघरच्या अनुभवाची आहे. त्याचा धाकटा भाऊ शिपाईगिरी करणारा, मोठा शूर व तितकाच उधळ्या. एकदा तो फाटक्या अवस्थेत घरी आला. बेन्व्हेनुतोने आपल्या कमाईतून एक झगा व अंगरखा असे चांगले नवे कपडे करविले होते. घरच्यांनी त्यास न विचारता ते धाकट्याच्या अंगावर चढविले. बेन्व्हेनुतो रागावला, तेव्हा बापाने त्यास धर्मग्रंथातील उधळ्या पुत्राची कथा ऐकवून समजावले. त्याची काही समजूत पटली नाही. अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी तो शहराबाहेर पडला, पिसा नगरीस गेला आणि तेथील एका सोनारापाशी वर्षभर राहिला. गंमत अशी की, रागावून गेलेला हा मुलगा तेथूनही बापास पैसे पाठवीतच होता. बाप उत्तरादाखल पत्रे धाडी, आणि त्यांत पैशांच्या पोचेबरोबर बासरी विसरू नकोस ही विनवणी असे. घरच्यांस द्यावयाचे नाही असे त्याच्या मनात कधीच नव्हते. न विचारता घेतलेले मात्र त्यास सोसत नसे. या दोहोंतील भेद आमच्या समाजात किती जणांस कळतो, याविषयी आम्ही साशंक आहोत.

१५१९ साली तो प्रथम रोमला गेला. मध्यंतरी फ्लॉरेन्सला परतला, तेथे मारामारी केली, आणि १५२३ साली शिक्षा चुकविण्यासाठी पुन्हा रोमला पळाला. रोममध्ये त्या काळी राफाएल व मायकेलँजेलो यांनी रंगविलेल्या भिंती पाहून चित्रे गिरविण्यास तरुण कारागीर जात. अशाच एका धनिकाच्या वाड्यात चेलिनी चित्रे काढीत बसला असता घरची सून पोर्त्सिया हिने त्यास पाहिले. चित्रकार की मूर्तिकार, अशी तिने पृच्छा केली, तेव्हा आपण सोनार आहोत असे त्याने सांगितले. तिने हिऱ्यांनी जडविलेले एक लिलीचे फूल आणवून त्याची किंमत विचारली. त्याने सांगितलेला आकडा बरोबर निघाला. मग तेच हिरे नव्या कोंदणात बसवून देण्याचे काम तिने त्याच्यावर सोपविले. बारा दिवसांत त्याने ते पुरे केले. सोन्याच्या त्या फुलाभोवती चिमुकली बालके, प्राणी आणि मुखवटे मिन्याने रंगविलेले होते.

फूल पाहून ती बाई इतकी संतोषली की, हवे ते माग असे तिने सांगितले. चेलिनीने हसून उत्तर दिले की, आपण संतुष्ट झालात हेच आमचे वेतन. असे बोलून तो परतला. आमचे वडील असेच बोलत असत, आणि तेथेच विषय संपत असे. पोर्त्सियेने मात्र तो संपू दिला नाही. तिने कारभाऱ्याकरवी पैशांची पुडी पाठविली, आणि फुकट घेऊन सैतानास हसण्याची संधी आपण देणार नाही, असा विनोदी निरोपही धाडला. चेलिनी ज्याच्या दुकानी काम करीत असे त्या लुकान्योलो नामक कारागिराने त्याच सुमारास पोपसाठी चांदीचे एक मोठे पात्र घडविले होते, आणि बारीकसारीक दागिन्यांपेक्षा मोठ्या कामात अधिक मिळते, अशी त्याची प्रौढी चालली होती. दोघांनी आपापल्या पुड्या दुकानाच्या फळीवर मोकळ्या केल्या. लुकान्योलोच्या पुडीतून चांदीची नाणी पडली आणि चेलिनीच्या पुडीतून सोन्याची! ही गोष्ट सांगताना चेलिनीस म्हातारपणीही आनंद होतो, हे त्याच्या लेखनावरून दिसून येते.

सगळेच गिऱ्हाईक असे नसते. सालामांका येथील बिशपासाठी चेलिनीने चांदीचे एक जलपात्र घडविले. त्याची मूठ आतील कमानीच्या योगाने हलत असे. कामास अपेक्षेहून फार वेळ लागला, म्हणून बिशप चिडला. याने जितका उशीर केला तितकाच उशीर आपण पैसे देण्यास करू, असे त्याने ठरविले. पुढे बिशपाच्या घरच्याच कोणा गृहस्थाने ती मूठ वेडीवाकडी ओढून मोडली, आणि पात्र दुरुस्तीसाठी पुन्हा चेलिनीकडे आले. त्याने ते नीट केले व आपल्याजवळ ठेवून घेतले. बिशपाची माणसे दुकानावर चालून आली, तेव्हा चेलिनी बंदूक रोखून दारात उभा राहिला. अखेरीस चिलखत घालून तो स्वतः बिशपाकडे गेला आणि पैसे हातात पडल्यावरच त्याने पावती लिहून दिली. पोप सातवा क्लेमेंट याच्या कानी ही हकीकत गेली, तेव्हा तो पोटभर हसला म्हणतात. आमच्या ज्ञातिबांधवांनी बंदूक घ्यावी असे आम्ही सुचवीत नाही! परंतु दुरुस्तीस आलेला डाग मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याची युक्ती आपल्याकडील जुन्या सोनारांसही ठाऊक होती, आणि ती फक्त परक्यांपुरतीच चाले. नातलगाचा डाग कोण अडकवून ठेवणार?

याच पोप क्लेमेंटची नाणी व दागिने पुढे चेलिनीने घडविले. १५२७ साली परकीय सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप आपल्या किल्ल्यात अडकून पडला होता. त्याने चेलिनीस एका खोलीत बोलावून राजमुकुट व इतर अलंकार यांतील रत्ने उपटण्यास सांगितले. रत्ने पोपच्या व त्याच्या सेवकाच्या वस्त्रांत शिवण्यात आली, आणि सोने चेलिनीने लहानशी भट्टी रचून वितळविले. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते सुमारे २०० पौंड होते. भट्टीच्या राखेत मागाहून त्यास सुमारे दीड पौंड सोन्याचे कण सापडले. ते त्याने घरी जाण्याच्या खर्चासाठी ठेवून घेतले, आणि पुढे पोपपाशी कबूल करून क्षमा मिळविली. राखेतील सोने म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. झारेकरी ज्या राखेवर पोट भरतात, तीच ही राख! पण या राखेचा डाग त्याच्या नावावर कायम राहिला. १५३८ साली दुसऱ्या पोपच्या अमदानीत, लुटीच्या वेळी पोपची रत्ने चोरली या आरोपाखाली त्यास त्याच किल्ल्यात कैद करण्यात आले. चादरीच्या पट्ट्यांचे दोर करून तो भिंतीवरून उतरला, पाय मोडून घेतला, आणि पुन्हा पकडला गेला. चोरी कधीच सिद्ध झाली नाही. सोनाराच्या हातून सोने गेले की संशय त्याच्या मागे लागतो, मग तो रोमचा असो की आमच्या तालुक्याच्या गावचा.

येथे आम्हांस एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही इयत्ता नववीत होतो. लग्नसराईचे दिवस. एका जवळच्या नातलगाच्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि पाटल्यांची जोडी व मंगळसूत्राच्या वाट्या अर्थातच आमच्या दुकानी आल्या. १९६३ सालच्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरेटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी घातली होती. त्या काळात ज्या दुकानाकडे कोणी नातलग फिरकला नव्हता, त्या दुकानास पुढे बरे दिवस येताच ही वर्दळ सुरू झाली होती. वडिलांनी तीन रात्री जागून काम केले. रोकड देणारे एक गिऱ्हाईक दोनदा येऊन परत गेले आणि दुसऱ्या दुकानी गेले. घडणावळ मागण्याचा प्रश्नच नव्हता. पाटल्या नेल्यावर त्या गृहस्थांनी बाजारात दुसऱ्या सोनाराकडून त्यांचे वजन करविले, आणि दोन गुंजांच्या घटीविषयी वडिलांस विचारणा केली. वडील काही बोलले नाहीत. आपल्या डबीतून दोन गुंजा सोने काढून त्यांनी ते कागदात बांधून दिले. त्या महिन्यात आमची शाळेची फी पंधरा दिवस उशिरा भरली गेली.

पुन्हा मूळ विषयाकडे वळू. पोप क्लेमेंटशी चेलिनीचे आणखी एका गोष्टीवरून बिनसले, तिचा उल्लेख आवश्यक आहे. सोन्याचा एक पूजेचा प्याला त्याच्याकडे घडविण्यास होता. सोने वेळेवर मिळत नव्हते, काम रेंगाळले होते, आणि अर्धवट प्याला परत द्यावा अशी मागणी आली. चेलिनीने नकार दिला. पोपचे द्रव्य आपण परत करू, पण त्यावर झालेले काम आपले आहे, तेव्हा ते आपण का द्यावे, असा त्याचा पक्ष होता. सोने गिऱ्हाइकाचे आणि काम कारागिराचे, हा भेद इतक्या स्पष्टपणे पोपच्या दरबारी मांडणारा सोनार त्याच्यापूर्वी झाला की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. त्याच्यानंतरही फार थोडे झाले असतील.

त्याच्या आयुष्यातील काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १५२९ साली त्याचा तो शिपाई भाऊ रोममध्ये मारला गेला, तेव्हा चेलिनीने मारेकऱ्यास गाठून ठार केले. १५३४ साली एका प्रतिस्पर्धी सोनाराचा त्याच्या हातून खून झाला. नव्या पोपने त्याची कला पाहून त्यास क्षमा केली. उत्तरायुष्यात अनैतिक वर्तनाच्या गुन्ह्यासाठीही त्यास शिक्षा झाली. कला श्रेष्ठ म्हणून मनुष्य श्रेष्ठ, असे आम्ही मानीत नाही, आणि शाळेत असतो तर ही पाने मुलांकडून वाचविली नसती. एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

१५३९ च्या अखेरीस एका कार्डिनलच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली, आणि १५४० साली तो फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजाच्या सेवेत गेला. राजाने त्यास सालिना ७०० सुवर्णमुद्रा बांधून दिल्या. लिओनार्दो दा विंची यास पूर्वी दिलेले वेतनही तेवढेच होते. राहावयास पॅरिसमध्ये एक लहानसा किल्लाच दिला. येथे त्याची ख्याती ज्यावर आज उभी आहे, ते सोन्याचे मीठदान १५४३ साली पुरे झाले. समुद्रदेव व पृथ्वीदेवी समोरासमोर पाय पसरून बसली आहेत; समुद्राशेजारी मीठ ठेवण्याची नौका, पृथ्वीशेजारी मिरी ठेवण्याचे मंदिर, आणि खाली काळ्या शिसवीसारख्या लाकडाची बैठक. उंची सुमारे २६ सेंटिमीटर, लांबी साडेतेहेतीस. प्रथम त्याचा नमुना त्या उपकारकर्त्या कार्डिनलसाठी केला होता. कार्डिनलने काम पाहिले, वाखाणले, पण खर्चास हात घातला नाही. राजाने मात्र नमुना पाहताच एक हजार सुवर्णमुद्रांचे सोने देवविले. ते सोने घेऊन चेलिनी एकटाच घरी येत असता वाटेत चौघा चोरांनी त्यास गाठले, आणि तो तलवार चालवीत घरापर्यंत पोहोचला.

फ्रान्सच्या दरबारात राजाची प्रिय स्त्री मादाम देतांप हिचे वजन मोठे होते. तिची मर्जी राखावी म्हणून चेलिनीने चांदीचे एक सुबक पात्र घडविले व स्वतः ते भेट देण्यास गेला. बाईने त्यास बाहेर ताटकळत ठेवले. बराच वेळ उपाशीपोटी थांबल्यावर तो उठला आणि तेच पात्र लोरेनच्या कार्डिनलास नेऊन दिले. कार्डिनलने त्यास आदराने जेवू घातले, आणि भेट असूनही बदल्यात सोन्याची नाणी घेणे भाग पाडले. देतांपबाईचे वैर मात्र त्यास फ्रान्समध्ये असेपर्यंत पुरले. भेट देण्यातही कारागिराची केवढी पंचाईत आहे पाहा! देईल तर ताटकळावे लागते, आणि न दिल्यास दावा धरला जातो.

१५४५ साली तो फ्लॉरेन्सला परतला. परतण्याचे एक कारण त्याने सांगितले आहे, ते त्याच्या स्वभावातील मऊ बाजू दाखविते. बहीण लिपेराता आणि तिच्या सहा मुली यांचा भार त्याच्यावर होता. बापाचा मृत्यू प्लेगमध्ये झालेला, भाऊ गेलेला, तेव्हा या भाच्यांना आपल्यावाचून कोण, असे त्यास वाटे. पोपशी भांडणाऱ्या या माणसाने भाच्यांच्या खर्चाचा हिशेब मांडून कोणाशी कुरकूर केल्याचे आमच्या वाचनात नाही.

फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो याने त्यास पर्सियस या वीराची ब्राँझची मूर्ती करण्यास सांगितले. ओतकामाच्या दिवशी चेलिनी तापाने फणफणत अंथरुणावर पडला होता. भट्टीतील धातू गोठू लागल्याचे कळताच तो उठला, आणि धातू पातळ व्हावा म्हणून घरातील जस्तासारख्या धातूची सुमारे दोनशे ताटे व वाडगी त्याने भट्टीत घातली. मूर्ती उतरली. २७ एप्रिल १५५४ रोजी ती चौकात उघडी करण्यात आली, आणि आजही ती तेथेच उभी आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या नऊ वर्षांतील खरी कथा ड्यूकची पत्नी एलेओनोरा हिच्याभोवती आहे. तिला चेलिनीने आपल्या वस्त्रागारात बसून लहानसहान दागिने करावेत असे वाटे. त्याने चांदीची छोटी पात्रे केली, रत्नजडित कमरपट्टा केला. मूर्तीचे मोठे काम पडून राही, आणि बाईसाहेबांची कामे वाढत जात. मोठ्या घरची ही वागणूक आणि आमच्या चाळीतील शेजारणीची कानातल्या कुड्यांचा मळसूत्र फिरवून देण्याची विनंती यांत आम्हांस जातीचा फरक दिसत नाही, केवळ वजनाचा दिसतो.

मग मोत्यांची माळ आली. एक माळ सहा हजारांस विकाऊ होती, आणि ती ड्यूककडून घेववावी अशी एलेओनोरेची इच्छा. तिने चेलिनीस मोत्यांची स्तुती करण्यास सांगितले. त्याने प्रथम केलीही. ड्यूकने खरे सांग असा आग्रह धरल्यावर मात्र त्याने मान्य केले की, ही माशांची हाडे, काळाने निस्तेज होणारी, आणि तिची किंमत दोन हजारांपलीकडे नाही. बाई आडून ऐकत होती. पुढे दलालाने विदूषकी चाळे करून ड्यूकास हसविले, माळ विकली, आणि चेलिनीच्या वाट्यास बाईचा कायमचा रोष आला. पारख्याने खरे बोलावे अशी अपेक्षा सर्व जण करतात. आपल्या मनातील दागिन्याविषयी तो खरे बोलला तर खपत नाही.

शेवटचा घाव मूर्तीच्या चौथऱ्यावरून बसला. त्यात चार कोनाड्यांसाठी त्याने ब्राँझच्या चार लहान मूर्ती केल्या होत्या. एलेओनोरेने त्या पाहिल्या, तोंडभर वाखाणल्या, आणि इतक्या सुंदर वस्तू बाहेर उन्हापावसात का ठेवायच्या, त्या आपल्या दालनात असाव्यात, असा हेतू बोलून दाखविला. ही वाखाणणी म्हणजेच मागणी, हे चेलिनी ओळखून होता. ती व ड्यूक बाहेर फिरावयास गेलेली पाहून त्याने त्या मूर्ती चौथऱ्याच्या कोनाड्यांत शिसे ओतून पक्क्या बसवून टाकल्या. परतल्यावर बाईने रागाने बोल लावले. मूर्ती मात्र हलल्या नाहीत. स्तुती सुरू होताच वस्तू जागी पक्की करून टाकण्याची ही रीत वडिलांस कोणी शिकविली असती तर, असे आमच्या मनात वारंवार येते.

मूर्ती झाल्यावर ड्यूकने किंमत विचारली. चेलिनीने प्रथम तेच जुने उत्तर दिले, की आपण प्रसन्न झालात हेच पुष्कळ. पोर्त्सियेपुढे जे बोलणे शोभले, ते येथे फसले. ड्यूकने आकडा सांगण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याने दहा हजार सांगितले, आणि ड्यूक खवळला; एवढ्यात शहरे व वाडे बांधून होतात, असे म्हणाला. चेलिनीने उत्तर दिले की शहरे बांधणारे पुष्कळ मिळतील, अशी मूर्ती करणारा मिळणार नाही. शेवटी मध्यस्थाने साडेतीन हजार ठरविले. तेही एकदम मिळाले नाहीत. प्रथम महिन्यास शंभर, मग पन्नास, मग पंचवीस, आणि काही महिने काहीच नाही. बरीच वर्षे तो या बाकीसाठी अर्ज करीत राहिला.

आमच्या वडिलांनीही एकदा मागून पाहिले. पाटल्यांच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी त्याच घरची धाकटी मुलगी लग्नाची झाली, तेव्हा अर्धी घडणावळ घ्यावी असे त्यांनी मोठ्या संकोचाने सुचविले. त्या घराने दागिने दुसरीकडे करविले व पूर्ण घडणावळ देऊन करविले, आणि पुढील अकरा वर्षे आमच्या घरचे पाणी घेतले नाही. आमच्या बंधूंच्या लग्नास त्या घरचे कोणी आले नाही. वडिलांस त्याचे दुःख झाले, पण त्यानंतर दुकानातील वहीत नातलगांच्या नावापुढे घडणावळीचा आकडा लिहिला जाऊ लागला. घेतली न घेतली तरी आकडा लिहिलेला असे, आणि सोडून दिल्यास तसे त्यापुढे लिहिले जाई.

चेलिनीने १५५८ साली आपले आत्मचरित्र सांगण्यास आरंभ केला. हाताने काम करता करता तो बोले, आणि चौदा वर्षांचा एक मुलगा लिहून घेई. पुढे काही भाग त्याने स्वतः लिहिला. सोनारकाम व मूर्तिकला यांवरील त्याचे दोन प्रबंध १५६८ साली छापले गेले. मिना, कोंदण, ठसे, चांदीची भांडी घडविणे या सर्वांची माहिती त्यांत आहे, आणि धंद्याची गुपिते त्याने हातचे न राखता सांगितली आहेत. आत्मचरित्र मात्र त्याच्या हयातीत छापले गेले नाही. ते १७२८ साली नेपल्स येथे प्रसिद्ध झाले, आणि जर्मनीचा महाकवी गटे याने त्याचे भाषांतर केले. म्हातारपणी त्याने पिएरा नामक स्त्रीशी विवाह केला व त्यास मुलेबाळे झाली. १३ फेब्रुवारी १५७१ रोजी तो वारला, आणि फ्लॉरेन्समधील सान्तिस्सिमा अन्नुन्त्सियाता या देवळात त्यास पुरण्यात आले.

त्याने घडविलेल्या सोन्यापैकी जवळजवळ काहीच शिल्लक नाही. पोप क्लेमेंटसाठी केलेला हिरेजडित मोठा बंद १७९७ साली नेपोलियनला द्यावयाच्या खंडणीसाठी वितळविला गेला. पोर्त्सियेचे फूल, एलेओनोरेचा कमरपट्टा, सालामांकाचे पात्र यांपैकी काहीही आज दाखविता येत नाही. मीठदान तेवढे राहिले. १५७० साली फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सने ते ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील एका आर्चड्यूकला भेट म्हणून दिले. ज्या वस्तूसाठी चेलिनीने तीन वर्षे घालविली, ती अखेर सोयरिकीतच गेली म्हणावयाची! पुढे ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आले. ११ मे २००३ रोजी ते तेथून चोरीस गेले, आणि २१ जानेवारी २००६ रोजी ऑस्ट्रियातच एका रानात पेटीत पुरलेले सापडले. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवरील जुन्या पुलावर आज जवाहिऱ्यांची दुकाने आहेत, आणि त्या पुलाच्या मध्यभागी चेलिनीचा अर्धपुतळा आहे. आम्ही तो छायाचित्रात पाहिला आहे. पुतळ्याच्या दोहों बाजूंस दुकाने आहेत, आणि त्यांच्या खिडक्यांत मांडलेल्या दागिन्यांस किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसतात.